सारजामावशी, मी उठलो नाही

मावशी, गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत मी तुझं नाव वाचलं. आजाऱ्यांच्या यादीत वरून तिसरं. "नदीपलीकडच्या आपल्या भगिनी सारजाबाई दम्याने आजारी आहेत, त्यांची आठवण करू या," असं नेहमीच्या ठसक्यात म्हणालो. सगळ्यांनी माना खाली घातल्या, मीही डोळे मिटले. तू त्याआधी गुरुवारीच गेली होतीस. शुक्रवारी तुला मातीही देऊन झाली होती. दोन दिवस मातीखाली असलेल्या बाईला बरं कर म्हणून मी देवाला सांगत होतो, आणि त्या दिवशी माझा आवाज विशेष चांगला लागला होता.

सोमवारी सकाळी शाळेला निघालो तर दारात तुझी सून उभी. वच्छलाला मी एकदोनदाच पाहिलेलं, त्यामुळे पटकन ओळखलं नाही. ती म्हणाली, "बुढी गेली मास्तर. बेस्तरवारी." मी कधी, कशी असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "काल बी नाव घेतलं म्हने तुमी तिचं. रस्त्यानं तुमच्या मंडळीतली बाई भेटली, तिनं सांगतलं." ती रागावून बोलली नाही. एखाद्याचं धोतर फाटलंय हे जितक्या हळू सांगतात तितक्या हळू तिनं ते सांगितलं, आणि पाणीही न पिता परत गेली.

आज गुरुवार, तुला जाऊन आठ दिवस झाले. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, ते म्हणाले, मंडळीच्या वहीत चार ओळी लिहून ठेवा: जन्म, बाप्तिस्मा, कामधंदा. वही उघडून बसलो होतो. तुझा जन्म कधीचा हे तुलाच ठाऊक नव्हतं, "मोठा पूर आलता त्या सालचा" एवढंच तू सांगायचीस. वही मिटली आणि हे कागद घेतले. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा मी लिहिलेलं तू वाचणार नाहीस यात आज नवीन काही नाही. फरक इतकाच की वाचून दाखवायला आता तू समोर नाहीस.

आपली ओळख झाली ती माझ्या चिठ्ठ्यांमुळे. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जुन्या मराठी भाषांतराची दुरुस्ती करायला एक समिती बसली होती आणि ती इब्री जाणणारी माणसं शोधत होती. इब्री म्हणजे ज्यू लोकांची जुनी भाषा, हिब्रू. नागपूरला शिकत असताना एका म्हाताऱ्या पाद्र्याने मला ती हौसेनं शिकवली होती. हिंगणघाटच्या शाळेत तिसरीला पाढे घोकवणाऱ्या माणसाला त्याचा कधी उपयोग होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, मला तर मुळीच नाही. समितीनं मला काही क्रियापदं वाटून दिली. एकेक क्रियापद घ्यायचं, ते जिथे जिथे आलं आहे ती प्रत्येक जागा वेगळ्या चिठ्ठीवर उतरायची, आणि सगळ्या चिठ्ठ्या पुढ्यात मांडून मराठी शब्द सुचवायचा. चिठ्ठ्या मी मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या कापल्या होत्या. एका अंगाला देवाचं वचन आणि दुसऱ्या अंगाला कोणाची तरी चुकलेली वजाबाकी.

समितीची आणखी एक अट होती. प्रत्येक वाक्य लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचं. त्याला कळलं तर चिठ्ठीवर बरोबरची खूण, नाही कळलं तर गोल. समितीच्या मनात बहुधा एखादा गरीब, मान डोलावणारा म्हातारा असावा. मला तू मिळालीस.

शनिवारी जिनिंगमधली तुझी पाळी सुटली की तू यायचीस. केसांत, भुवयांवर, लुगड्याच्या काठात रुई भरलेली. सुशीला, माझी बायको, दारातच अडवायची, "मावशी, आधी झटका, मग टेका. मागच्या वेळी माझ्या वरणात कापूस निघाला." तू अंगणात लुगडं झटकायचीस आणि ओसरीवर येऊन भुईवर बसायचीस. सुशीलेनं चटई टाकली तरी ती पायानं बाजूला सारायचीस. "चटई पाहुन्यायले टाकजो, बाई. मी का पाहुनी हावो?" मलाही पहिल्याच दिवशी झाडलंस, "मावशी म्हन्ता अन् तुमी बी म्हन्ता? एक काय ते ठरवा मास्तर." तेव्हापासून मी 'तू' म्हणायला लागलो. तू मात्र मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणालीस. इतका मान मला घरात दुसरं कोणी देत नव्हतं.

तू फार वाईट ऐकणारी होतीस. म्हणजे समितीच्या दृष्टीनं. मान डोलवायची सोडून प्रश्न विचारायचीस. एका शनिवारात दहा चिठ्ठ्या होतील म्हणून बसावं तर दोनवर गाडी अडायची. मी चिडायचो. एकदा तर पेन आपटलं, त्याचं टोक वाकलं, आणि तू म्हणालीस, "आता यालेच इचारा अर्थ."

त्या दिवशी आपण 'झाखर' हे क्रियापद काढलं होतं. शास्त्रात ते दोनशेच्या वर जागी येतं. अर्थ अगदी सोपा: आठवणे, स्मरणे. मी म्हटलं, हे एका दिवसात उरकेल. पहिली चिठ्ठी जलप्रलयाची. जिकडेतिकडे पाणी, पाण्यावर नाव, नावेत एक म्हातारा आणि त्याचं बिऱ्हाड, आणि देवाने त्याचे स्मरण केले.

"स्मरन म्हंजे?"

"आठवण."

"मंग आठवन म्हना ना. स्मरन तं बामनाच्या घरचं वाटते."

मी म्हटलं, देवाच्या तोंडी जरा भारदस्त शब्द बरा. तू ते कानाआड केलंस. "अन् मंग?" म्हणालीस.

"मग काय? वाक्य संपलं."

"असं कसं संपते? आठवन आली, अन् मंग काय केलं देवानं?"

पुढची ओळ माझ्या चिठ्ठीवर नव्हती, कारण तिच्यात माझं क्रियापद नव्हतं. पोथी काढून पाहिली. देवाने वारा सोडला आणि पाणी ओसरू लागलं.

"हां," तू मांडीवर हात मारलास. "मंग आली आठवन! नाई तं बसल्या जागी काय, कोनालेही येते."

आणि मग तुझ्या आईची गोष्ट सांगितलीस. तुझं लगीन लहानपणीच झालेलं, सासर दोन कोसांवर. "माह्या मायले माही आठवन आली का तिचे पाय तिचं ऐकत नसत. शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं यायची, पदरात तुरीच्या शेंगा. सासूच्या भेवानं अंगनातच बसे. शेंगा देल्या, तोंडाकडे पाह्यलं, का चालली. तिनं कधी मले म्हनलं नाई का सारजे, तुही आठवन येते. आली का ती दिसेच."

मी ती गोष्ट तेव्हा नीट ऐकली नाही, मावशी. मी कोश चाळत होतो. पण संध्याकाळी चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या आणि प्रत्येकीच्या पुढची ओळ शोधली. देव जिथे आठवतो तिथे पुढच्याच वाक्यात काहीतरी हलतं. लेकरू नसलेल्या बाईची आठवण, की तिची कूस उघडते. गुलामांना दिलेल्या शब्दाची आठवण, की त्यांच्या सुटकेची तयारी. कोशात पानभर अर्थ दिले होते, पण जिनिंगमधल्या बाईनं दोन मिनिटांत जे धरलं ते मला त्यात इतकं उघड कुठे दिसलं नव्हतं. त्या भाषेत आठवणं हे डोक्यातलं काम नाही. ते हातापायाचं काम आहे.

पुढचे कितीतरी शनिवार मग तो आपला खेळच झाला. मी चिठ्ठी वाचायचो आणि तू विचारायचीस, "मंग, उठला का?" उठला असेल तर चिठ्ठी उजव्या गठ्ठ्यात, नसेल तर डाव्या. एका जागी देव काकाची आठवण करतो आणि जळत्या गावातून बाहेर काढतो पुतण्याला. ते ऐकून तू पोट धरून हसलीस. "एकाची आठवन अन् काढलं दुसऱ्याले! चालते, नात्यात चालते." हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. सुशीलेनं पाणी आणलं. मी त्या चिठ्ठीवर बरोबरची खूण केली.

डाव्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होता तुझा 'प्यालेवाला'. राजाला दारू पाजणारा चाकर, राजाची मर्जी गेली म्हणून तुरुंगात पडलेला. तिथे एक निरपराध परदेशी तरुण त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगतो: तीन दिवसांत तू सुटशील. आणि एवढंच मागतो की तुझं भलं झालं की माझी आठवण कर, राजाच्या कानावर घाल. प्यालेवाला सुटतो. आणि शास्त्र म्हणतं, त्याने त्या तरुणाची आठवण केली नाही, तो त्याला विसरला.

"दोन डाव काऊन सांगतलं?" तू विचारलंस. "आठवन केली नाई, त्यातच भुलला आलं ना."

मी पंडिती झाडणार होतो, तेवढ्यात तूच बोट वर केलंस. "थांबा, थांबा. समजलं मले. पयले उठला नाई. मंग भुलला."

मावशी, हे वाक्य मी चिठ्ठीच्या मागे, वजाबाकीच्या शेजारी लिहून ठेवलंय. तारीख घातली आहे. तुझं नाव घातलं नाही.

प्यालेवाल्यावर तुझा भारी राग. सिनेमातल्या खलनायकावर असावा तसा. दर शनिवारी आल्या आल्या विचारायचीस, "मंग, त्या बह्याडाले आली का आठवन?" गोष्ट तुला ठाऊकच होती, पुढे दोन वर्षांनी त्याला आठवतं आणि तो तरुण सुटतो. पण तुला तेवढं पुरत नव्हतं. "तोंडानं काय म्हनलं त्यानं, ते सांगा. माफी मांगली का बस असाच सहज बोलला?" मी म्हणायचो, ती चिठ्ठी पुढच्या गठ्ठ्यात आहे, क्रमानं येईल. क्रम माझा होता, मावशी. गठ्ठ्यात हात घालून ती चिठ्ठी काढायला किती वेळ लागला असता?

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो.

समितीला मी कच्चं टिपण पाठवलं होतं, की 'स्मरण' नको, 'आठवण' असावं, आणि त्याची कारणं. उत्तर आलं की भाषा भारदस्त राहील असं पाहावं, आणि हे मत कोणाचं, आधार काय, ते कळवावं. आधार काय म्हणून विचारल्यावर मी काय लिहायचं? त्या समितीत मोठमोठी पदवीधर माणसं. त्यांना लिहायचं की जिनिंगमध्ये सरकी काढायच्या रेच्यावर कापूस घालणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या एका विधवेचं हे मत आहे? मी एक पान लिहिलं, त्यात तुझं नाव होतं, तुझ्या आईच्या शेंगासुद्धा होत्या. मग ते पान माझ्याच डोळ्यांनी वाचलं, त्यांच्या डोळ्यांनी वाचलं, आणि फाडलं. मला लाज वाटली, मावशी. तुझी लाज वाटली. पक्क्या प्रतीत मी 'स्मरण केले' लिहिलं, ठिकठिकाणी, सुंदर अक्षरात.

आणि पुढच्या शनिवारी तू विचारलंस तेव्हा म्हणालो, "तुझाच शब्द पाठवला बरं का."

तू पदरानं तोंड पुसलंस, खरं तर डोळे पुसायचे होते. मग जिनिंगभर सांगत सुटलीस, "शास्त्रात माहा एक शब्द हाये." तिथल्या बाया तुला 'शास्तरवाली' म्हणायला लागल्या. हे मला सुशीलेनं हसत हसत सांगितलं, आणि मी तिच्यावर उगाच ओरडलो की घरात माझा चष्मा जागेवर का नसतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी तुझा दम वाढला. जिन सोडून तू वणा नदीपलीकडे पोराकडे राहायला गेलीस. सायकलनं अर्ध्या तासाची वाट, पूल ओलांडला की उजव्या हाताचं गाव. जाताना ओसरीवर टेकलीस आणि म्हणालीस, "छापून आलं का घेऊन येजा मास्तर. बोट ठेवून दाखवजा, कुठं हाये माहा शब्द. अन् त्या प्यालेवाल्याची चिठ्ठी बी आनजा." मी म्हटलं, "येतो." अगदी सहज म्हटलं.

दिवाळीच्या सुमाराला छापखान्यातून तपासायला कच्चे कागद आले. नावेतल्या म्हाताऱ्याचं पान काढलं. स्मरण केले. काळ्या शाईत, ठळक. त्यावर बोट ठेवून मी तुला काय दाखवणार होतो? तुला वाचता येत नव्हतं, मी 'आठवण' म्हणून वाचलं असतं तर तुला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता, हेही लिहून ठेवतो. तेवढं मात्र जमलं नसतं, म्हणून मी येणंच टाळलं. आधी कागद तपासून होऊ दे, मग नाताळ होऊ दे, मग शाळेची परीक्षा.

मग तू अंथरूण धरल्याचं कळलं, आणि मी तुझं नाव यादीत घातलं.

आपल्या मंडळीची ही रीत तुला माहीतच आहे. पाळकसाहेब नसतात त्या रविवारी उपासना मी चालवतो, आणि आजाऱ्यांची नावं तर दर रविवारी मीच वाचतो. नाव वाचायचं, आजार सांगायचा, माना खाली. आपण सगळे ते फार मनापासून करतो आणि उपासना सुटली की जेवायला घरी जातो. मी मात्र त्याच्या पुढे गेलो. मी स्वतःची समजूत शास्त्राच्या आधारानं घातली. झाखर या क्रियापदाचं एक रूप आहे, त्याचा अर्थ एखाद्याचं नाव तोंडानं काढणं, त्याची गोष्ट बोलून पुढे आणणं. म्हणजे नाव वाचणं हीसुद्धा आठवणच, असं मी सायकल पुसता पुसता स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणा आळशी माणसाला नुसता आळस पुरला असता. मला व्याकरण लागलं.

सात रविवार तुझं नाव वाचलं. पहिल्या रविवारी उपासनेनंतर सुशीलेनं तुरीच्या शेंगा उकडून पिशवीत भरल्या आणि पिशवी सायकलला अडकवली. "मावशीकडे जाऊन या. नावं काय घेता नुसती?" मी म्हटलं, उद्या जातो. पिशवी तिसऱ्या दिवशी काढली तेव्हा शेंगा काळ्या पडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा उकडल्या. त्या मी कागद तपासता तपासता खाल्ल्या, मावशी. टरफलं कच्च्या छाप्यांवर पडली होती ती झटकली.

मी तुला विसरलो नव्हतो, हे मला तुला सांगावंसं वाटतं आणि सांगायची शरम वाटते. रोज आठवत होतीस. जिनिंगचा भोंगा झाला की आठवायचीस. प्यालेवाल्यासारखा मी भुललो नव्हतो. मी त्याच्या आधीच्या पायरीवर होतो, जी तू मला बोट वर करून दाखवली होतीस.

मंगळवारी शाळेतून रजा घेतली आणि आलो. अर्धा तास लागला. पुलावर थांबलो नसतो तर तोही लागला नसता. तुझं घर कोणतं ते विचारावं लागलं. अंगण सारवलेलं, एका भिंतीशी कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा, आणि छपराखाली चटई टाकलेली. वच्छला म्हणाली, "बसा." मी भुईवर बसायला लागलो तर म्हणाली, "चटईवर बसा. तुमच्यासाठीच हाये ते."

मला वाटलं, आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणते आहे. पण ती सांगायला लागली. दर आठवड्याला ती बाजाराला हिंगणघाटला यायची. तिथे मंडळीतली कोणीतरी भेटायची आणि सांगायची, रविवारी तुझ्या सासूचं नाव घेतलं बरं. वच्छला तो निरोप घरी आणायची.

"पयल्या खेपेले सांगतलं तं बुढी उठूनच बसली," ती म्हणाली. "म्हने, माहं नाव घेतलं? मास्तरनं सोता? मंग येतीनच ते. आंगन सारव म्हने, चटई टाक. मी म्हनलं, नाव घेतलं म्हंजे यायचं असते का? तं माह्यावर खेकसली. म्हने, तुले नाई समजत, मास्तरले समजते. आमी दोघायनं मिळून काढला त्याचा अर्थ."

मावशी, मी तिथून पळून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण ती पुढे बोलत राहिली.

"मंग दर आठवड्याले तेच. बाजारातून आली का इचारे, घेतलं का नाव? घेतलं म्हनलं का चटई. सांजवरी दाराकडे तोंड करून पडून राहे. आखरीच्या आठवड्यात आवाज नव्हता तिले, तं हातानंच दाखवलं, टाक म्हनून."

सहा आठवडे. मला वाटत होतं की मी प्रार्थना करतो आहे. मी तुला दर रविवारी निरोप धाडत होतो की येतो आहे, आणि दर आठवड्याला तो निरोप तुझ्यापर्यंत नेमका पोचत होता. नावच घेतलं नसतं तर तू माझी वाट पाहिली नसतीस. निदान दाराकडे पाठ करून निवांत झोपली असतीस.

तुझी माती कशी झाली ते मी विचारलं. वच्छला आणि तुझा पोरगा गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, तुझा धर्म त्यांचा नव्हता. ती म्हणाली, "वस्तीवरल्या चौघायनं खांदा देल्ला. तुमची प्रार्थना आमाले कुठं येते? मंडळीत कोनाले सांगावं तं येळ नव्हता. आमी जे नवं शिकलो तेच म्हनलं तिच्यासाठी. चाललं का?" हे तिनं खरंच विचारलं, मला काय वाटतं म्हणून. मी म्हटलं, चाललं. ज्यांना तुझी प्रार्थना येत नव्हती त्यांनी तुला उचललं, आणि ज्याला पाठ होती तो शाळेत वजाबाक्या तपासत होता.

तुझा शब्द छापला नाही हे मी वच्छलाला सांगितलं. खोटं बोललो होतो तेही सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली, "ती तं मरेपरत सांगत होती सगळ्यायले." काल मी समितीला पत्र टाकलं आहे. त्यात आधार म्हणून तुझं पूर्ण नाव आहे, जिनिंगचं काम आहे, अंगठा आहे, शेंगा आहेत. कागद छपाईला गेलेही असतील. पत्राचा उपयोग होईल अशा आशेनं मी ते टाकलेलं नाही, आणि त्यानं माझं ओझं हलकं होईल अशा आशेनंही नाही. ते दोन वर्षांपूर्वी टाकायचं होतं, ते काल टाकलं, एवढंच.

पण मंगळवारचं अजून थोडं राहिलं.

मी येताना ती चिठ्ठी खिशात घालून आणली होती. तुला कबूल केलेली, प्यालेवाल्याची. तू नाहीस तर कोणाला वाचून दाखवायची? पण समितीची अट होतीच, लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला. मी वच्छलाला विचारलं, ऐकशील का? ती शेंगदाणे निवडत होती, म्हणाली, वाचा. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, तुरुंग, स्वप्न, तो तरुण, त्यानं काय मागितलं ते. मग दोन वर्षं कशी गेली ते सांगितलं. मग राजालाच एक स्वप्न पडतं, कोणाला त्याचा अर्थ सांगता येत नाही, आणि तेव्हा प्यालेवाला पुढे येतो. मावशी, तू विचारायचीस ना की तोंडानं काय म्हणाला? तो त्या तरुणाचं नावही आधी घेत नाही. तेच क्रियापद, जे दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून झालं नव्हतं, ते तो पहिल्यांदा स्वतःच्याच अपराधांसाठी वापरतो. आज मी माझ्या अपराधांची आठवण काढतो, असं म्हणतो. आणि मग त्या तरुणाचं सांगतो.

वाचताना माझा आवाज लागला नाही. वच्छलाचे हात थांबले होते.

"मंग?" ती म्हणाली.

"मग राजाने माणसं धाडली आणि त्या तरुणाला तुरुंगातून बाहेर काढलं."

तिनं हातातला दाणा बाजूला टाकला. "म्हंजे तवरीक जित्ता होता तो?"

"हो. होता."

"मंग बरं हाये तुमच्या प्यालेवाल्याचं," वच्छला म्हणाली. मी उठलो, आणि तिनं चटई गुंडाळून आत नेली.